गड्ड्याच्या आठवड्यात बसलेलं इंजिन

दुसऱ्यांदा इंजिन बसलं ते गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात, जानेवारीत. सकाळचे साडेसात, अंगात स्वेटर, चिंचोळी एमआयडीसीच्या बाजूला एका बंद कारखान्याचं सिमेंटचं आवार. मालकांची परवानगी घेतली होती. पुतणी गो-कार्टवर, मी घड्याळ धरून कडेला. सातव्या मिनिटाला आवाजाची धार गेली. चढत चाललेला आवाज एकदम दबला आणि मागची दोन्ही चाकं फरफटत थांबली. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. इंजिनाचं स्प्रॉकेट चेनने थेट मागच्या ॲक्सलला जोडलेलं, त्यामुळे इंजिन अडकलं की चाकं अडकतात. वळणावर असती तर गाडी गरकन फिरली असती. सरळ रेषेत होती, म्हणून निभावलं.

"काका, मी काहीच केलं नाही ओ," ती हेल्मेट काढत म्हणाली.

तिने खरंच काही केलं नव्हतं. चूक मी मे महिन्यात करून ठेवली होती.

माझा धंदा लेथचा. अशोक चौकाच्या पुढे छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग बनवतो. पुतणीला कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर एकदा गो-कार्ट चालवायला मिळाली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवीन इंजिनाचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता. मग पुण्याच्या जुन्या बाजारात एका फ्रेमसोबत जाम झालेलं एक यामाहा केटी १०० मिळालं. सत्तरच्या दशकातलं डिझाइन. हवेने थंड होणारं, एक सिलिंडर, ५२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ४६ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ९७.७ सीसी. ताकद साधारण १५ हॉर्सपॉवर. आकाराने नारळाएवढं वाटतं, पण मिनिटाला १५,००० फेऱ्यांवर हे सेकंदाला २५० वेळा पेटतं. हातात घेतल्यावर ते खरं वाटत नाही.

गो-कार्टचा जन्मच अशा जुळवाजुळवीतून झालेला आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने पाइपची चौकट जोडून तिच्यावर गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. तो रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पुढे करवतीची इंजिनं बनवणाऱ्या मॅककलॉक कंपनीने १९५९ मध्ये खास कार्टसाठी इंजिन काढलं. वर्कशॉपमध्ये पडलेल्या वस्तूंतून उभा राहिलेला हा खेळ आहे, म्हणून माझ्यासारख्या टर्नरला तो परका वाटला नाही.

सोलापुरात टू-स्ट्रोक समजणारी माणसं अजून आहेत. १९८५ ते १९९६ या काळात यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल इथल्या प्रत्येक पेठेत पळाली आणि ती दुरुस्त करणारे हात अजून शाबूत आहेत. तिथेच मी पहिल्या वेळी फसलो. आरएक्स १०० पण शंभर सीसी, हे पण शंभर सीसी, मग वेगळं काय असणार, असं धरून चाललो. एका दुकानात सिलिंडर बोअर करून घेतला. पिस्टन ५२.२०, बोअर ५२.२५. दोघांमधली गॅप ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रस्त्यावरच्या गाडीला शोभेल असा. नवा पिस्टन, नवी रिंग, नवं पॅकिंग. क्रँकच्या शाफ्टभोवतीचे ऑइल सील दिसायला बरे होते, तेच ठेवले. मे महिन्याच्या संध्याकाळी चार-पाच वेळा मिळून चाळीसेक मिनिटं गाडी सुंदर पळाली. मग पाऊस, मग दिवाळीचा सीझन आणि टॉवेलवाल्यांची गर्दी. टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहिलं.

आता बसलेलं इंजिन घेऊन मी सात रस्त्याजवळच्या अण्णांकडे गेलो. अण्णांचं वय सत्तरच्या पुढे, घरात तेलुगू, दुकानात मराठी, शिव्या कानडीत. वाटेतच इंजिन थंड होऊन हाताने फिरायला लागलं होतं. मी हेड खोलायला पाना लावला तसा त्यांनी माझा हात धरला.

"खोलू नको. खोललास की पुरावा गेला."

त्यांनी सायलेन्सर काढायला लावला आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारली. पिस्टनच्या त्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम सारवल्यासारखं पसरलेलं. प्लग काढला तर टोक पांढुरकं, चुन्यासारखं. ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की मिश्रण पातळ झालेलं असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलेलं असतं. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पेट्रोलच्या गारव्याने पिस्टनला मिळणारा आरामही कमी. एक्झॉस्टची बाजू आधीच सगळ्यात तापलेली असते, म्हणून चिकटायला सुरुवात तिथून होते. ओरखडे चारी कोपऱ्यांवर सारखे असते तर गॅप कमी पडली किंवा इंजिन थंड असतानाच ताणलं, असं म्हणता आलं असतं. माझ्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला ठळक आणि बाकी कोपऱ्यांवर फिकट, असे दोन्ही ओरखडे होते.

"मागच्या वेळी जाम आलं होतं तेव्हा कुठं ओरखडे होते?" अण्णांनी विचारलं.

मला सांगता येईना. जुना पिस्टन मी न बघताच भंगारात टाकला होता. आजही त्याची चुटपुट लागते. जाम झालेलं इंजिन आलं आणि ते का जाम झालं हे न विचारताच मी नवा पिस्टन घातला. पहिल्या पिस्टनला ज्याने मारलं तो आतच बसून होता, आणि मी त्याच्या पुढ्यात दुसरा पिस्टन नेऊन ठेवला.

आता त्याला शोधायचं होतं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस ही पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण ओढलं जातं, पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये जातं. या पंपाला कुठेही भोक असलं की त्यातून कोरडी हवा आत येते. तिच्यात पेट्रोल नाही, तेल नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाचा क्रँक सील गेला तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो आणि आपल्याला कळतं. इथे बाहेर काहीच दिसत नाही. आमच्या सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्टसारखी कंपनी गाड्यांचे कॅमशाफ्ट बनवते आणि इंजिन म्हटलं की इथल्या पोरांच्या डोळ्यांपुढे कॅम, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन येते. या इंजिनात त्यातलं काहीच नाही. पिस्टनच खिडक्या उघडतो आणि झाकतो, बाकी सगळा कारभार हवाबंद डब्यावर चालतो. डबा फुटका असेल तर काहीच खरं नाही.

तपासणीचं खास यंत्र मिळतं, आमच्याकडे नव्हतं. घरात बाबांचं जुनं काट्याचं बीपीचं यंत्र पडून होतं. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो. पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि क्रँककेस तपासायला लागतो तो दाब जवळपास एवढाच. मी लेथवर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या केल्या. सायकलच्या ट्यूबचं रबर मध्ये घालून एक एक्झॉस्टवर आवळली, दुसरी कार्बोरेटरच्या जागी. दुसरीत पितळी नळी बसवून तिला बीपीचा फुगा आणि काटा जोडला. पिस्टन अगदी खाली घेतला, म्हणजे वरची आणि खालची पोकळी एकच होते. प्लग जागेवर घट्ट. पुतणीने फुगा दाबत काटा २५० वर नेला.

पंधरा सेकंदांत काटा शून्यावर.

साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. हेडच्या भोवती काही नाही. सिलिंडरच्या बुडाशी, केसच्या जोडावर काही नाही. मॅग्नेटचा रोटर काढून त्याच्या मागे पाणी सोडलं आणि शाफ्टच्या कडेने बारीक फेस यायला लागला. पुतणी ओरडलीच. सील बाहेर काढला तर त्याची कड नखासारखी टणक झालेली. बाहेरून काळा, चकचकीत, नवा वाटावा असा. हाच सील मी मे महिन्यात "बरा दिसतोय" म्हणून ठेवला होता.

मग मेमध्ये चाळीस मिनिटं कसं चाललं? याचं उत्तर आम्ही दोघांनी वहीत आकडेमोड करून काढलं. मेमध्ये संध्याकाळीही पारा चाळिशीच्या वर होता, गड्ड्याच्या त्या सकाळी १७ अंश. हवा थंड असली की दाट होते. ४२ आणि १७ अंशांमध्ये घनतेचा फरक साधारण साडेआठ टक्के पडतो. कार्बोरेटरचा स्क्रू मी मेच्या हवेला बसवला होता, जानेवारीत तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त हवा शिरली. त्यात सील गळका. त्यात पावसाळाभर आत राहिलेलं इथेनॉलचं पेट्रोल, ज्याने कार्बोरेटरचा पडदा ताठ केला होता. त्यात गॅप घट्ट. यातली एखादीच गोष्ट असती तर इंजिनाने कदाचित सोसलं असतं.

त्यानंतरच इंजिन खोललं, आणि या वेळी दर भाग काढताना पुतणी वहीत लिहीत होती.

केस उघडून दोन्ही बेअरिंग बदलायच्या ठरवल्या. बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की साधी बेअरिंग हातात देतात. इतक्या फेऱ्यांना आणि उष्णतेला वाढीव क्लिअरन्सची, म्हणजे आतून थोडी सैल, बेअरिंग लागते. मी सी-फोर मागवली, चार दिवस थांबावं लागलं. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बेअरिंग ठोकून बसवायची नसते. वहिनींनी भाकरीचा मोठा तवा दिला. मंद आचेवर तव्यावर केस ठेवली आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. केसवर पाण्याचा थेंब चुरचुरून उडायला लागला तसं कापडाने धरून बाहेर काढली, बेअरिंग सोडली, आणि ती टक् आवाज करत आपल्या वजनाने तळाला बसली. हातोडी लागलीच नाही. सील व्हायटॉन रबराचे घेतले, ते उष्णता आणि इथेनॉल दोन्ही सोसतात. स्प्रिंगची बाजू आतल्या अंगाला ठेवायची आणि कडेला ग्रीसचा हात फिरवायचा. कोरडा सील पहिल्या मिनिटातच जळतो.

क्रँक हा दोन चाकत्या आणि मधली पिन प्रेसने दाबून बनवलेला असतो. इंजिन जोरात जाम झालं की चाकत्या एकमेकींवर किंचित सरकतात. लेथ स्वतःचा असल्याने मला हे काम सोपं गेलं. क्रँक दोन सेंटरमध्ये धरला, दोन्ही टोकांना डायल गेज लावला, शाफ्ट किती डगमगतो ते दाखवणारा. ६० मायक्रॉन फरक. अण्णा तांब्याची हातोडी घेऊन आले. कुठे मारायचं ते खडूने खूण करून, क्रँक हातात धरून एक ठोका, परत सेंटरमध्ये, परत डायल. माझा पहिला ठोका चुकीच्या चाकतीवर पडला आणि काटा ८० वर गेला. दीड तासाने २० वर आला. तिथे अण्णा म्हणाले, "आता हात लावू नको." कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघितला, खेळ नव्हता. बाजूला हलतो, तो हलायलाच हवा.

बोअरिंगला या वेळी मी स्वतः दुकानात बसून राहिलो. नवा पिस्टन घरीच मोजून नेला होता. मोजायचा तो स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या बाजूच्या भिंतीच्या, खालच्या भागात, पिनच्या काटकोनात, कारण पिस्टन वर निमुळता असतो. ५२.३६ भरला. सिलिंडर ५२.४५ करायला सांगितला, म्हणजे गॅप ९० मायक्रॉन. कारागीर म्हणाले, "एवढा ढिला? खडखडणार की." थंडीत खडखडतो, खरं आहे. पण ॲल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं आणि इथे पंख्याची हवा नाही, पाणी नाही, फक्त गाडीच्या वेगाचा वारा. फुगायला जागा ठेवलीच पाहिजे. बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी असा सहा ठिकाणी मोजला, फरक १० मायक्रॉनच्या आत. आणखी एक हिशेब तिथेच वहीत लिहिला: ५२.६० बोअरला हे इंजिन ९९.९६ सीसी होतं. त्यापुढे गेलं की १०० सीसीच्या वर्गातून बाहेर. म्हणजे या सिलिंडरमध्ये आता १५० मायक्रॉनचंच आयुष्य उरलंय.

बोअर झाल्यावर खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. या कामाकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि मला त्याचा फार राग येतो. रिंग खिडकीसमोरून जाताना किंचित बाहेर फुगते. कड धारदार असली तर रिंग तिथे अडकून तुटते आणि तुकडा सिलिंडर खरडत फिरतो. बारीक दगडाने, हाताने, प्रत्येक कड अर्धा मिलिमीटर मोडली. सगळा एक रविवार त्यात गेला. मग धुलाई. होनिंगची, म्हणजे बोअर दगडाने घासण्याची, खर पेट्रोलने निघत नाही, ती धातूच्या रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगला कानशीसारखी खाते. गरम पाणी, कपड्याचा साबण, नायलॉनचा ब्रश, आणि पांढरं कापड आत फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत परत परत. सहाव्यांदा कापड स्वच्छ आलं. लगेच तेलाचा हात, नाहीतर बिडाला दहा मिनिटांत गंज चढतो. पुसायला टॉवेलची कात्रणं मात्र घ्यायची नाहीत. आमच्याकडे ती पोत्याने पडलेली असतात, पण त्यांचे धागे सुटून आत राहतात. बाबांचं जुनं धोतर फाडलं.

जोडणी दोन तासांत झाली. रिंगची फट पिनेवर, पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, गजन पिनच्या दोन्ही क्लिपा नव्या. कथलाची तार प्लगच्या भोकातून सोडून इंजिन एकदा फिरवलं, चेपलेली तार १.१ मिलिमीटर भरली, म्हणजे पिस्टन आणि हेडमध्ये तेवढी जागा. कार्बोरेटरला नवा पडदा, नवी निडल. यात फ्लोट नसतो, पडद्यावरच सगळं चालतं, म्हणून गाडी वळणावर कितीही कलली तरी पेट्रोल तुटत नाही.

मग परत बीपीचं यंत्र. २५० वर नेलं आणि पुतणीने मोबाइलवर वेळ लावली. एक मिनिट, काटा जागेवर. पाच मिनिटं, २४०. पण सील आतल्या दाबाला टिकतो आणि आत पोकळी झाली की उलटतो असंही होतं. म्हणून जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणून त्याच नळीतून हवा ओढून बघितली. दट्ट्या तसाच ओढून धरला, सोडल्यावर झपकन मागे गेला. पोकळीही टिकत होती.

तेल एरंडेलाचं, रेसिंगसाठी डिंक काढलेलं, कोल्हापूरहून एका मित्राने आणून दिलं. पाच लिटरला २५० मिली. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित असं समजून लोक ओतत सुटतात. पण त्याच भोकातून मग पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं. पेट्रोल त्याच दिवशीचं, उरलं तर बाइकमध्येही न घालता वेगळं काढून ठेवायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी, सकाळी नऊ वाजता, त्याच आवारात गाडी परत नेली. हवा २४ अंश. कार्बोरेटरचा स्क्रू मुद्दाम पाव फेरी जास्त उघडा, म्हणजे पेट्रोल जास्त जाईल. मागची बाजू उचलून दोघांनी पळत ढकलली, सोडली, आणि ते पेटलं. एरंडेलाचा तो गोडसर, जळका वास आवारभर पसरला. अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. पहिली तीन मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या आत, वर-खाली, एका वेगावर कधीच नाही. बंद करून पूर्ण गार. मग पाच मिनिटं. परत गार. गार झाल्यावर हेडचे नट आडवे-तिडवे परत आवळले, दोन नट चांगलेच सैल पडले होते. तिसऱ्या खेपेला पुतणीने सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटल दिला, मी हात वर केल्याबरोबर इंजिन तोडलं आणि गाडी तशीच घरंगळत आणली. प्लग काढला. टोक ओल्या कॉफीच्या रंगाचं.

एक्झॉस्टच्या खिडकीतून अण्णांनीच टॉर्च मारली. पिस्टन स्वच्छ, एकही ओरखडा नाही.

आतापर्यंत एक तास दहा मिनिटं झालीत, वहीत दर फेरीची हवा, स्क्रू आणि प्लगचा रंग लिहिलेला आहे. क्रँकची पिन आणि रॉड मूळचेच आहेत, त्यांचा संच शोधतोय. तो मिळून बदलेपर्यंत १२,००० च्या वर न्यायचं नाही असं पुतणीशी ठरलंय. टॅकोमीटरच्या काचेवर तिने तिथे नेलपॉलिशची लाल रेघ मारली आहे.